नवदीक्षितांनी कोणते बायबल घ्यावे?

छत्रपती संभाजीनगरातील नवदीक्षित बंधुभगिनींच्या एका नित्याच्या प्रश्नाचा परामर्श घेणे आम्हांस अगत्याचे वाटते. मराठी बायबले अनेक; त्यांतून निवड कशी करावी?

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली गोमंतकात छापले गेले. ते भाषांतर नव्हे, ओवीबद्ध कथन होय. परंतु लोकांच्या परिचित छंदात तारणकथा ऐकविण्याची दूरदृष्टी त्यात होती. भाषांतराचा उद्योग पुढे प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी आरंभिला. विल्यम केरी यांचा नवा करार 1811 साली श्रीरामपुरास निघाला. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून साध्या मराठीत संपूर्ण बायबल उतरविले. ते त्यांच्या निधनानंतर, 1924 साली, प्रसिद्ध झाले. हे ऋण आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो.

तथापि त्या परंपरेत पुस्तके 66, आपल्या ख्रिस्तसभेत 73. अंत्यविधीच्या मिस्सेत ऐकलेले ज्ञानग्रंथाचे सांत्वनपर वचन शोकाकुल घरी शोधू जावे, तो पुस्तकच नाही, असे घडते. सबब विकत घेण्यापूर्वी अनुक्रमणिका पाहावी. मोबाइलवरील बायबलाचीही हीच परीक्षा करावी. टोबित, ज्ञानग्रंथ व मक्काबी आढळले, म्हणजे पुढे भाषेकडे वळावे.

1963 साली व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेस द्वार खुले केले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ 2010 साली आले. दोन भाषांतरे शेजारी ठेवून वाचल्यास अर्थ उजळतो. शंका उरल्यास धर्मगुरूंस विचारावे. घरातील वृद्ध मातेस एक अध्याय मोठ्याने वाचून दाखवावा; तिला कळला, तर निवड योग्य झाली असे समजावे.