पाँबालचे चित्र आणि तेजू नदीवरची गलबते

लिस्बनच्या पश्चिमेस, तेजू नदीच्या मुखाजवळ ओएइरास नावाचे नगर आहे. तेथील नगरपालिकेच्या संग्रही एक भव्य तैलचित्र आहे. १७६६ साली फ्रेंच चित्रकार लुई-मिशेल व्हॅन लू याने त्यातील मनुष्याकृती रंगविली, तर नदी आणि गलबते क्लोद-जोसेफ व्हर्ने याने. चित्रातील पुरुष म्हणजे पोर्तुगालचा सर्वसत्ताधारी मंत्री सेबास्तियाँव जुझे द कार्व्हाल्यु, जो पुढे मार्केस द पाँबाल म्हणून इतिहासात ओळखला गेला.

व्हॅन लू हा पूर्वी स्पेनच्या राजदरबारचा चित्रकार होता. रेशमाची चमक, केसांचा पांढरा टोप, आसनाचा डौल हे सारे रोकोको शैलीचे वैभव त्याच्या हाती सहज वसले होते. मंत्री ऐटीत बसला आहे. जवळच नव्या लिस्बनचे नकाशे आहेत, राजा पहिला जुझे याच्या अश्वारूढ पुतळ्याचा नमुना आहे. नकाशांचा अभिमान वृथा नव्हता. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणादिवशी, भाविक मिस्सासाठी देवळांत जमले असताना भूकंपाने, समुद्राच्या लाटांनी आणि आगीने लिस्बन उद्ध्वस्त केले. ते शहर रुंद, सरळ रस्त्यांचे करून पुन्हा उभारले, ते याच माणसाने. ते श्रेय त्याला देण्यास आम्ही मुळीच अनमान करणार नाही.

पण मंत्र्याचा हात नदीकडे वळला आहे, आणि तिथे आमची नजर अडखळते. किनाऱ्यावर येशूसंघीय धर्मगुरू गलबतात चढविले जात आहेत! राजावरील १७५८ च्या हल्ल्याच्या कटात गोवून ३ सप्टेंबर १७५९ च्या फर्मानाने येशूसंघाला साऱ्या पोर्तुगीज राज्यातून हद्दपार करण्यात आले. भूकंप हा देवाचा कोप आहे असे लिहिणारे वृद्ध फादर गाब्रिएल मालाग्रिदा यांना तर १७६१ मध्ये लिस्बनच्या चौकात गळा आवळून मारले व देह जाळला. या दुःखावर व्हर्नेने केवढे शांत, सोनेरी आकाश पसरले आहे! दरबारी कलेचे कसब म्हणावे ते हेच.

त्या फर्मानाची झळ गोव्यालाही लागली. ज्या संघाच्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली 'क्रिस्तपुराण' आपल्या भाषेला दिले, त्याचे गोव्यातील सदस्य कैद होऊन जहाजांतून लिस्बनला रवाना झाले. कित्येकांनी वाटेतच प्राण सोडले. आपली वसई मात्र त्या तडाख्यातून सुटली. १७३९ सालीच ती चिमाजी आप्पांनी जिंकून घेतली होती, आणि किल्ल्यातील येशूसंघाचे चर्च तेव्हापासूनच ओस पडत चालले होते. जे पोहोचले त्यांतील अनेकांना साँव जुलियाँव किल्ल्याच्या तळघरात डांबण्यात आले. हा किल्ला त्याच ओएइरासमध्ये आहे. कोणतीही चौकशी नाही, शिक्षा नाही, फक्त अंधार आणि ओल. १७७७ साली राजा वारला, पाँबालची सत्ता गेली, तेव्हा कुठे उरल्यासुरल्यांना उजेड दिसला.

असे असले तरी पाँबालला निव्वळ राक्षस ठरविणे आम्हांला मान्य नाही. पूर्वेकडील वसाहतींतील देशी ख्रिस्ती प्रजेला पोर्तुगीजांच्या बरोबरीचे हक्क देणारे फर्मान १७६१ चे, आणि ते त्याच्याच कारकिर्दीतले. गोव्याचे इन्क्विझिशन १७७४ साली प्रथम बंद झाले तेही त्याच्याच काळात. (१७७८ मध्ये ते पुन्हा सुरू झाले, हे दुर्दैव.) एकाच हाताने त्याने साखळ्या तोडल्या आणि घातल्याही.

१७८२ साली पाँबाल गावी त्याचा अंत झाला. येशूसंघ १८१४ मध्ये पुनःस्थापित झाला आणि त्याचे सदस्य १८२९ साली पोर्तुगालला परतले. कुइंब्राकडे जाताना फादर देलव्हो पाँबाल गावी थांबले. मंत्र्याची शवपेटी तेथील देवळात अद्याप होती. तिच्यासमोर उभे राहून, त्याच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून त्यांनी मिस्सा अर्पण केली.