विहिरीकाठचे इंजिन

वसईचा इतिहास म्हटला की किल्ला, पोर्तुगीज राजवट आणि 1739 ची चिमाजीअप्पांची स्वारी यांचीच आठवण आपल्याला होते. ज्या पाण्यावर येथील केळी, पानवेली व फुलशेती पिढ्यान्‌पिढ्या पोसली गेली, ते पाणी वर आणणाऱ्या यंत्रांची दखल मात्र आपण क्वचितच घेतली आहे.

प्रथम होता रहाट. बावखलाच्या वा विहिरीच्या काठावर जनावर गोल फिरे, लाकडी चाक फिरे आणि गाडग्यांची माळ पाणी उपशी. दाता मोडला तर सुतार गावातच होता, गाडगे फुटले तर कुंभारही दूर नव्हता. यंत्र बिघडले तर ते आपणच उभे करावयाचे, हा संस्कार आपल्याला रहाटाने दिला.

पुढे तेलइंजिन आले. इंग्लंडमधील डर्स्ली येथील लिस्टर कंपनीने 1929 पासून संथ गतीची डिझेल इंजिने बनवण्यास प्रारंभ केला. त्यांतील सहा अश्वशक्तीचे, एका सिलिंडरचे इंजिन मिनिटाला अवघे 650 फेरे घेई. महाराष्ट्रातही ही विद्या रुजली. साताऱ्यास धनजीशा कूपर यांचा कारखाना होता, तर 1910 साली किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगसमूहाने 1946 साली पुण्यात तेलइंजिनांची स्वतंत्र कंपनी स्थापन केली. राजकोटच्या कारखान्यांनी लिस्टरच्या धर्तीची इंजिने इतकी घडवली की मूळ कारखान्यातील उत्पादन थांबल्यावरही तो नमुना भारतात जिवंत राहिला.

ही अवजड धुडे दुरुस्तीसाठी शहरात नेणे कोणाला परवडणार? म्हणून विहिरीवरची खोपच कार्यशाळा झाली. या इंजिनाला ठिणगी लागत नाही; दाबाने तापलेल्या हवेत डिझेल फवारले की ते आपोआप पेटते. म्हणूनच दाब टिकवणे, हेच सारे शास्त्र. माथा उतरवून काजळी खरवडावी, व्हॉल्व्ह कार्बोरंडमच्या लेपाने बैठकीवर घासावा, मग त्यावर रॉकेल ओतून पाहावे. झिरपले नाही तर काम साधले. रिंगा झिजल्या की हँडल हलके फिरे आणि धूर वाढे. बेअरिंगला निळा रंग लावून दांडा फिरवावा, जेथे रंग उमटेल तो उंचवटा खरवडावा आणि झीज वाढेल तसतशी पातळ पत्र्याची एकेक शिम काढावी. ठोका ऐकू आला तरी जाणता माणूस लगेच बेअरिंग उघडीत नसे. जड चाकाची चावी सैल झाली तरी तसाच ठोका येतो, म्हणून तो आधी चाकाला हात लावी. ही विद्या कानांनी आणि बोटांनी शिकावयाची होती.

हे शक्य झाले, कारण यंत्र घडवणाऱ्यांनी ते उघडता येईल असेच घडवले होते. जाड बिडाचे ओतकाम, मोजके भाग, मंद गती आणि साध्या पान्यांनी सुटणारे नट यांमुळे मालक यंत्राचा खरोखर मालक राही.

तथापि, या इतिहासाची दुसरी बाजूही आपण सांगितली पाहिजे. रहाटाचा उपसा जनावराच्या दमाने आवरला जाई. इंजिनाला आणि त्यानंतरच्या विजेच्या पंपाला असा दम लागत नाही. किनारपट्टीत गोडे पाणी खाऱ्या पाण्याच्या शेजारी वसते. उपसा पावसाच्या भरण्याहून वाढला की खारे पाणी आत सरकते. वसईतील अनेक विहिरी अशाच मचूळ झाल्या. बिघडलेले इंजिन आपण घरी सुधारले. बिघडलेली विहीर शिम काढून सुधारत नाही.

आज ही इंजिने भंगाराच्या भावाने जात आहेत. प्रत्येक गावाने निदान एक तरी जपावे, चालू ठेवावे आणि ज्यांच्या हातांत ही विद्या अजून आहे त्यांच्याकडून ती तरुणांनी शिकून घ्यावी. ते चालवताना विहिरीची पातळीही मोजावी. यंत्राची आणि पाण्याची निगा एकत्रच शिकावयास हवी, हाच त्या विहिरीकाठच्या इतिहासाचा धडा आहे.