किमान दर (राजकीय जाहिरातींचा)

अमेरिकेत निवडणुकीच्या तोंडावर रेडिओ व टीव्ही केंद्रांनी उमेदवाराला जाहिरातीची वेळ ज्या सवलतीने विकायची असते, तो दर. १९३४ च्या दळणवळण कायद्यातील कलम ३१५ मध्ये ही तरतूद संघीय निवडणूक प्रचार कायदा, १९७१ याने घातली. प्राथमिक निवडणुकीआधीचे ४५ आणि मुख्य निवडणुकीआधीचे ६० दिवस ती लागू असते.

हा आकडा सरकार ठरवत नाही. त्याच प्रकारच्या, तेवढ्याच लांबीच्या व त्याच वेळच्या जाहिरातीसाठी केंद्र कोणत्याही व्यापारी ग्राहकाकडून जो सर्वांत कमी दर घेते, तोच उमेदवाराला लावावा लागतो. समजा, मोटारविक्रेत्याने रात्रीच्या बातम्यांतील ३० सेकंदांच्या ५० जाहिराती एकदम घेऊन ५०० डॉलरचा दर ४०० वर आणला. मग एकच जाहिरात घेणाऱ्या उमेदवारालाही ४०० च. मुदतीत दर आणखी उतरला, तर फरक परत मिळतो.

खरी गुंतागुंत ‘प्रकारा’त आहे. ठरलेल्या वेळी हमखास लागणारी जाहिरात महाग असते. जास्त पैसे देणारा आला की बाजूला सारली जाणारी स्वस्त. दोन्हींचा किमान दर वेगळा. व्यापाऱ्याची हुकलेली जाहिरात पुढच्या आठवड्यात लागली तरी चालते; मतदान उलटल्यावर उमेदवाराला तिचा उपयोग शून्य. म्हणूनच शेवटच्या दिवसांत उमेदवार स्वस्त दर सोडून हमखास वेळ घेतात आणि सवलतीचा बराच लाभ तिथेच विरतो. १९९० मध्ये संघीय दळणवळण आयोगाने केलेल्या तपासणीत अनेक केंद्रांवर उमेदवार व्यापाऱ्यांपेक्षा जास्त पैसे मोजत असल्याचे दिसले. त्यानंतर नियम अधिक स्पष्ट करण्यात आले.

सवलत उमेदवाराला आणि त्याच्या अधिकृत प्रचार समितीलाच मिळते. जाहिरातीत त्याचा आवाज किंवा चेहरा हवा. ‘सुपर पॅक’सारख्या बाहेरच्या गटांकडून केंद्र बाजार देईल तो भाव घेऊ शकते, चुरशीच्या राज्यांत तो उमेदवाराच्या दराच्या कितीतरी पट असतो. २००२ च्या सुधारणेनंतर प्रतिस्पर्ध्याचा थेट उल्लेख करणाऱ्या संघीय उमेदवाराला टीव्ही जाहिरातीच्या शेवटी किमान ४ सेकंद आपली प्रतिमा व संमतीचे लेखी निवेदन दाखवावे लागते, नाहीतर सवलतीचा हक्क जातो.

वेळ कोणी मागितली, दर काय लावला, याची नोंद केंद्राने सार्वजनिक दप्तरात ठेवायची असते. टीव्ही केंद्रांची ही दप्तरे २०१२ पासून टप्प्याटप्प्याने आयोगाच्या संकेतस्थळावर आली, नंतर रेडिओचीही. प्रतिस्पर्धी उमेदवार आपला दर तिथेच पडताळून पाहतात.