उदयनगरची बस कोण तपासतं? एसटी नसलेल्या राज्यात गाड्या आणि पाळण्यांची देखभाल

महाराष्ट्रातून इंदूर, देवास, धारकडे पाहुणा आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "इथली एसटी किती वाजता?" उत्तर ऐकून तो गोंधळतो. मध्य प्रदेशात एसटी नाही. 1962 मध्ये सुरू झालेलं राज्य परिवहन महामंडळ बंद करण्याचा निर्णय 2005 मध्ये झाला आणि 2010 पर्यंत त्याच्या गाड्या रस्त्यावरून गेल्या. बागली, पुंजापुरा, उदयनगर हा देवास जिल्ह्याचा दक्षिणेकडचा डोंगराळ पट्टा. उदयनगरला रेल्वे नाही. म्हणजे दवाखाना, कॉलेज, कोर्ट, बाजार, सगळं खासगी बसवर. या बसची देखभाल नेमकी कोण करतं आणि ती तपासतं कोण, हे प्रवाशाला माहीत असायला हवं.

आधी महाराष्ट्राकडचं पाहू, कारण तुलना तिथूनच होते. एसटीची गाडी आगाराची असते. रात्री मुक्कामाला आली की धुणं, डिझेल, हवा, ब्रेक, लाईट बघणं हे आगारातच होतं. ड्रायव्हरची तक्रार कागदावर लिहिली जाते आणि मेकॅनिक ती बघतो. आगाराच्या वर विभागीय कार्यशाळा, त्याच्या वर दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळा. तिथेही ढिसाळपणा होतो, गाड्या जुन्या असतात, हे सगळं खरं. पण काम कोणाचं, ते ठरलेलं असतं.

मध्य प्रदेशात हे काम मालकाचं. मालक म्हणजे कधी पन्नास गाड्यांची कंपनी, कधी एकच बस घेतलेला माणूस. परमिट परिवहन खातं देतं, पण रोज संध्याकाळी गाडीखाली वाकून बघणारा कोणी सरकारी माणूस नाही. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मला यातला हिशोब लगेच दिसतो. ब्रेक लायनर आज बदलला तर खर्च आज होतो. नाही बदलला तर आज काहीच होत नाही, फेरी सुटते, पैसे येतात. एका गाडीवर घर चालवणाऱ्याची गाडी दोन दिवस गॅरेजमध्ये उभी राहिली तर दोन दिवसांचं उत्पन्न गेलं, हप्ता मात्र थांबत नाही. सगळे मालक असं करतात असं मुळीच नाही. जुने नावाजलेले मालक गाडी घरच्यासारखी सांभाळतात. पण व्यवस्था म्हणून पाहिलं, तर देखभाल त्यांच्या नियतीवर सोडलेली आहे.

सरकारी आधार उरतो तो फिटनेस प्रमाणपत्राचा. नव्या व्यावसायिक वाहनाला पहिली दोन वर्षं ते असल्याचं मानलं जातं. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी ते नवं करावं लागतं. म्हणजे जुनी गाडी वर्षातून एकदा तपासली जाते. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस मालक, ड्रायव्हर आणि देव.

हा कागदही नसला तर काय होतं, ते 27 डिसेंबर 2023 च्या रात्री गुना जिल्ह्यात दिसलं. डंपरशी टक्कर होऊन बस पेटली, 13 जण गेले. गाडीला फिटनेस नव्हतं, परमिटही नव्हतं. सरकारने जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि परिवहन आयुक्तांना हटवलं. त्याआधी मे 2015 मध्ये पन्ना जिल्ह्यात बस जळाली, वीसहून अधिक प्रवासी गेले, कारण आणीबाणीच्या दाराची वाट जादा सीट बसवून अडवलेली होती. एका सीटचं भाडं किती, आणि त्यासाठी काय गहाण टाकलं!

आता घाटाचं. आग्रा-मुंबई रस्त्यावर धार जिल्ह्यातला गणपती घाट ब्रेक फेल होण्यासाठी बदनाम आहे. इतका, की 2024 च्या अखेरीस उतरणीला वेगळा, सौम्य चढाचा रस्ता सुरू करावा लागला. ब्रेक "फेल" होतात म्हणजे बहुतेक वेळा ते अचानक तुटत नाहीत. लांब उतारावर ड्रायव्हर सतत पाय दाबून ठेवतो, लायनर आणि ड्रम तापतात, पकड सुटत जाते. एअर ब्रेकच्या गाडीत हवा गळत असेल तर भर आणखी. म्हणून उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून इंजिनाने रोखायची, ब्रेक थोडा थोडा मारायचा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणं हा सरळ गुन्हाच समजा. उदयनगरकडचे रस्तेही विंध्याच्या उतारावरचे आहेत, फक्त तिथली गर्दी बातमीत येत नाही.

एसटी असली की सगळं सुरक्षित, असाही समज नको. 18 जुलै 2022 ला इंदूरहून अमळनेरला निघालेली एसटी खलघाटच्या पुलाचा कठडा तोडून नर्मदेत पडली. ड्रायव्हर-कंडक्टरसह 12 जणांचे मृतदेह सापडले. फरक इतकाच, की गाडी कोणाची, कुठल्या आगाराची आणि भरपाई कोण देणार, हे शोधत बसावं लागलं नाही.

जत्रेतल्या पाळण्यांचं गणित याच जातीचं आहे. आकाशपाळणा, ब्रेकडान्स, ड्रॅगन ट्रेन आज देवासला, पुढच्या महिन्यात दुसऱ्या जिल्ह्यात. दर वेळी सगळं सुटं करून ट्रकवर चढवायचं आणि नव्या मैदानावर जोडायचं. कायम बसवलेल्या पार्कातल्या राइडपेक्षा याचे बोल्ट, पिना आणि वेल्डिंग जास्त झिजतात, आणि पाया म्हणजे मैदानातली माती, पाऊस झाला की खचणारी. राइडच्या सुरक्षेसाठी भारतीय मानक आहे, आयएस 15475. पण परवानगीच्या दिवशी एकदा बघून झालं की मेळा संपेपर्यंत पुन्हा तपासणी व्हावी, हा आग्रह फार कमी ठिकाणी दिसतो. कायम बसवलेल्या राइडलाही सूट नाही. अहमदाबादच्या कांकरियाला 14 जुलै 2019 ला लोलकासारखी झुलणारी राइड दांड्यातून तुटली, दोघे गेले, पंचवीसहून अधिक जखमी झाले. पाळण्यात बसताना सीटचा आडवा दांडा हाताने ओढून बघा, हलत असेल तर उतरा. तिकिटाचे पैसे गेले तर गेले.

बससेवेत बदल येतोय. 1 एप्रिल 2025 ला मध्य प्रदेश मंत्रिमंडळाने "मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवा" मंजूर केली. सरकार गाड्या विकत घेणार नाही. गाड्या खासगी मालकांच्याच राहतील, मार्ग, वेळा आणि देखरेख सरकारी कंपनीकडे. इंदूरच्या सिटी बसची कंपनी 2006 पासून साधारण याच पद्धतीने चालते. करारात दर किलोमीटरमागे पैसे आणि नादुरुस्त गाडीला दंड असेल, तर मालकाचा तो ब्रेक लायनरचा हिशोब बदलू शकतो. अट इतकीच, की दंड खरोखर वसूल व्हावा. आणि उदयनगरसारख्या कमी कमाईच्या मार्गावर मालक यायला तयार व्हावेत.

तोवर प्रवाशाने काय करावं? एमपरिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकला की फिटनेस आणि विम्याची मुदत दिसते. चढताना आणीबाणीचं दार कुठे आहे आणि त्यासमोर पोती, सीट, पेट्या नाहीत ना, ते बघा. तिकीट मागा, कारण तक्रार करताना गाडीचा नंबर, तारीख आणि वेळ लागते. ती देवास किंवा धारच्या परिवहन कार्यालयात लेखी द्यावी, पोच घ्यावी. राष्ट्रीय महामार्गावर मदतीला 1033, इतर कुठेही 112.