पदवीनंतरही विभागाशी नातं: राज्यशास्त्र, लोकप्रशासन, सार्वजनिक धोरण शिकलेल्यांसाठी

आपल्या घरांमधून आता फार्मसी, इंजिनिअरिंग आणि बी.एड. सोडून वेगळ्या वाटेने जाणारी मुलं-मुली दिसू लागली आहेत. कुणी मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात राज्यशास्त्र शिकतं, कुणी पुणे विद्यापीठाच्या राज्यशास्त्र व लोकप्रशासन विभागात एम.ए. करतं, कुणी देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत, म्हणजे टिसमध्ये. नागपूर विद्यापीठाचा लोकप्रशासन विभाग तर देशातल्या सगळ्यात जुन्या अशा विभागांपैकी एक आहे. दीक्षांत समारंभाचा फोटो खानदानाच्या ग्रुपवर येतो, मुबारकबादी मिळते, आणि विभागाशी संबंध तिथेच संपतो. पुढे मार्कशीटची दुसरी प्रत लागली तरच त्या इमारतीची आठवण होते.

इंजिनिअरचं कॉलेजशी नातं तुटलं तर फारसं बिघडत नाही. या विषयांचं तसं नाही. इथे विभाग माणसांचा अभ्यास करतो. कुठल्या वस्तीत सर्वेक्षण होणार, कुठल्या समाजाच्या प्रश्नावर विद्यार्थी प्रबंध लिहिणार, सरकारने अभ्यास मागितला तर गाठीला कोणती माहिती असणार, हे तिथल्या माणसांच्या ओळखीपाळखीवर बरंच अवलंबून असतं. त्या ओळखीत आपला माजी विद्यार्थी असला तर आपला मोहल्लाही असतो.

हे नातं काय देऊ शकतं याचं एक नामांकित उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. तिथून निघाल्यावर जवळपास ९ वर्षांनी, १९२५ मध्ये, ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचं त्यांचं पुस्तक निघालं. त्याची प्रस्तावना त्यांचे कोलंबियातले प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनी लिहिली. १९५२ मध्ये त्याच विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. मधल्या काळात बाबासाहेब काही रिकामे बसलेले नव्हते, तरी शिक्षकांशी धागा तुटू दिला नाही.

सुरुवात अगदी साधी आहे. विभागाच्या कार्यालयात आपला चालू फोन नंबर, ई-मेल आणि सध्याचं काम कळवून ठेवा. माजी विद्यार्थी संघटना असेल तर सभासद व्हा. फी सहसा मामुली असते. आजकाल विभागालाही तुमची गरज असते. नॅक मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला वेगळे गुण आहेत, आणि प्रत्येक संस्थेच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षावर माजी विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी घ्यावा लागतो. स्वायत्त कॉलेजांच्या अभ्यास मंडळावर एक गुणवंत पदव्युत्तर माजी विद्यार्थी नेमायचा असतो, म्हणजे अभ्यासक्रम ठरतो त्या टेबलावर. या जागा बहुतेक वेळा ‘ओळखीतलं कोण आहे’ असं विचारूनच भरल्या जातात. जो वर्षातून एकदा तरी विभागात चक्कर मारतो, त्याचं नाव आठवतं.

दुसरं काम मागून येणाऱ्यांचं. मुंब्रा, भिवंडी, मालेगाव किंवा श्रीवर्धनमधून पहिल्यांदाच या विषयाकडे वळणाऱ्या मुलीच्या घरी विचारायला कुणी नसतं. वालिद विचारतात, ‘याने नोकरी काय मिळणार?’ आणि तिच्याकडे उत्तर नसतं. उत्तर असतं तुमच्याकडे: महापालिका, जिल्हा परिषदेच्या योजना, सामाजिक संस्था, संशोधन प्रकल्प, वृत्तसंस्था, एमपीएससी-यूपीएससी. टिसच्या प्रवेशासाठी आता सीयूईटी पीजी ही राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते, हे गावातल्या कॉलेजात अजून अनेकांना ठाऊक नाही. अर्जातलं हेतुपत्र कसं लिहायचं, मुलाखतीत काय विचारतात, होस्टेल कसं मिळतं, जुम्मा आणि रमजानचं कसं जमतं, असले प्रश्न माहितीपुस्तिकेत नसतात. अर्धा तास फोनवर बोललात तरी एखादं घर हो म्हणतं.

शिष्यवृत्तीचीही खबर अशीच पोचते. संशोधक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप बंद होत असल्याचं केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये लोकसभेत सांगितलं. तिच्या भरवशावर पीएच.डी.चा विचार करणाऱ्यांना दुसरे मार्ग शोधावे लागले. राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरला मुख्यालय असलेली मार्टी, म्हणजे अल्पसंख्याक संशोधन व प्रशिक्षण संस्था, मंजूर केली. अशा संस्थेची एखादी योजना निघाली की ती विभागाच्या सूचना फलकावर आणि मशिदीच्या नोटिसबोर्डवर एकाच आठवड्यात लागायला हवी. हे काम दोन्हीकडे पाय असलेला माणूसच करू शकतो.

आता आकडेवारीचा मुद्दा. सच्चर समिती २००५ मध्ये नेमली गेली आणि २००६ च्या नोव्हेंबरात तिचा अहवाल आला. तेव्हापासून मुसलमानांच्या शिक्षणाबद्दल, नोकरीबद्दल, बँकेच्या कर्जाबद्दल बोलताना हातात आकडे असतात. महाराष्ट्रात महमूद-उर-रहमान समिती २००८ मध्ये नेमली, तिचा अहवाल २०१३ मध्ये आला. २०१४ मध्ये राज्याने वटहुकमाने नोकरी आणि शिक्षणात ५ टक्के आरक्षण दिलं. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अंतरिम आदेशात नोकरीतल्या आरक्षणाला स्थगिती दिली, शिक्षणातलं मात्र चालू ठेवलं. वटहुकमाचा पुढे कायदा झाला नाही, तो वेगळा राजकीय किस्सा. पण कोर्टात जे काही टिकलं, ते अभ्यासाच्या कागदांच्या जोरावर टिकलं. भाषणं आणि निवेदनं आपण खूप केली आहेत. त्यांचा तिथे उपयोग झाला नसता.

२०२२ मध्ये राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाने ५६ शहरांमधल्या मुस्लिम वस्त्यांचा अभ्यास टिसकडे सोपवला. असा अभ्यास म्हणजे काय, तर तरुण मुलं-मुली फॉर्म घेऊन दार ठोठावणार आणि विचारणार: घरात किती माणसं, शाळेत कोण जातं, रेशनकार्ड आहे का. २०२० च्या सुरुवातीला एनआरसीच्या भीतीने अनेक ठिकाणी लोकांनी सर्वेक्षण करणाऱ्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. ती धास्ती पूर्ण गेलेली नाही, आणि ती बिनबुडाची आहे असंही म्हणता येत नाही. अशा वेळी त्याच विभागात शिकलेला, त्याच गल्लीतला कुणी सोबत उभा असेल तर दार उघडतं.

पण दार उघडून देणाऱ्याची जबाबदारीही मोठी. विभागाला आधीच विचारा: नावं आणि पत्ते वेगळे ठेवणार का, माहिती कुणाकुणाच्या हातात जाणार, अहवाल वस्तीला परत दाखवणार का, उत्तर द्यायचं नसेल तर तसं म्हणायची मुभा आहे का. चांगला विभाग या प्रश्नांवर रागावत नाही. संशोधनाच्या शिस्तीत ते येतातच. उडवाउडवीची उत्तरं मिळाली तर खुशाल नाही म्हणा. लोकांनी तुमच्या भरवशावर दिलेली माहिती ही अमानत आहे.

क्षेत्रकार्याचंही असंच. समाजकार्याच्या आणि धोरणाच्या विद्यार्थ्यांना संस्थांमध्ये कामासाठी पाठवतात. आपल्या वस्तीतली लायब्ररी, बैतुलमाल, महिलांचा बचत गट किंवा दवाखाना या यादीत का नसतो? बहुतेक वेळा कारण एवढंच, की कुणी नाव सुचवलेलं नसतं. विद्यार्थ्यावर देखरेख करणारी एक जबाबदार व्यक्ती आणि बसायला जागा, एवढं असलं तर विभाग विचार करतो. मुलांना काम मिळतं, संस्थेला हिशेब आणि अहवाल लिहिणारे हात मिळतात.

सगळ्यात दुर्लक्षित हक्क मात्र मताचा आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ नुसार विद्यापीठाच्या अधिसभेवर, म्हणजे सिनेटवर, १० प्रतिनिधी नोंदणीकृत पदवीधरांमधून निवडून येतात. त्यातल्या ५ जागा खुल्या. उरलेल्यांत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी आणि महिला अशी प्रत्येकी एक जागा राखीव. सिनेटपुढे विद्यापीठाचा अर्थसंकल्प आणि वार्षिक अहवाल येतो, सदस्य प्रश्न विचारू शकतात. एखाद्या विभागातल्या प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या का, उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांसाठी पूरक वर्ग का नाहीत, होस्टेलचं काय झालं, हे विचारायची अधिकृत जागा ती.

मतदार कोण, तर ज्याने स्वतः अर्ज करून नाव नोंदवलं तो. पदवी असली म्हणून नाव आपोआप येत नाही. मुंबई विद्यापीठाची २०२३ ची निवडणूक ऐनवेळी थांबवली गेली, यादी नव्याने झाली, आणि मतदान झालं २४ सप्टेंबर २०२४ ला. दरवर्षी लाखांच्या घरात पदव्या देणाऱ्या या विद्यापीठाच्या त्या यादीत जेमतेम १३ हजार नावं होती. एवढ्या छोट्या यादीत एका मोठ्या मोहल्ल्यातले पदवीधर जरी नोंदले गेले, तरी उमेदवाराला तिथे यावंच लागेल. मुसलमानांमधल्या बागवान, तांबोळी, पिंजारी अशा अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत, त्यामुळे त्यांच्यातला पदवीधर राखीव जागेवरही उभा राहू शकतो. जातीची कागदपत्रं मात्र आधीपासून तयार हवीत, ती आठवड्यात होत नाहीत.

नोंदणीची अधिसूचना विद्यापीठ काढतं, मुदत थोडी असते. पदवी प्रमाणपत्र, ओळखपत्र, राहण्याचा पुरावा आणि फोटो एका फाइलमध्ये ठेवा. लग्नानंतर नाव बदललेल्या बहिणींचे अर्ज पदवीवरचं आणि आधारवरचं नाव जुळत नाही म्हणून अडकतात. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातल्या नावबदलाची प्रत सोबत जोडावी. नुसत्या निकाहनाम्यावर बऱ्याच कार्यालयांत काम होत नाही.

याला जोडूनच विधान परिषदेचा पदवीधर मतदारसंघ. परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ पदवीधरांच्या आहेत: मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, औरंगाबाद, अमरावती आणि नागपूर. इथे कुठल्याही विद्यापीठाची पदवी चालते, फक्त १ नोव्हेंबर या अर्हता तारखेआधी ती मिळून ३ वर्षं झालेली हवीत. अर्ज १८ नंबरचा. ही यादी दर निवडणुकीला नव्याने बनते, म्हणून मागच्या वेळी मत दिलं होतं यावर विसंबू नका.

पैशाबद्दल थोडकंच. मदत करायचीच असेल तर एका विद्यार्थ्याचा परीक्षा शुल्क, पुस्तकं किंवा क्षेत्रकार्याचा प्रवास खर्च असं नेमकं काहीतरी उचला. अलीगढला साहबजादा आफताब अहमद खान यांनी १८९० मध्ये ड्यूटी सोसायटी काढली ती गरजू विद्यार्थ्यांना हात देण्यासाठीच. १७ ऑक्टोबरला सर सय्यद डेचं जेवण जगभर होतं, त्यासोबत हाही वारसा लक्षात असू द्यावा. जकातीतून द्यायचं असेल तर ती रक्कम हकदार विद्यार्थ्याच्या ताब्यात जायला हवी. इमारत, सेमिनार हॉल, फर्निचर यासाठी जकात चालत नाही असं बहुतेक उलेमा सांगतात. आपल्या मुफ्तीसाहेबांचा मशवरा घ्या.

आखातात असलेल्या कोकणातल्या आणि इतर भावांसाठी एक कायद्याची बाब. भारतीय पासपोर्ट असलेल्याने परदेशातून स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम एफसीआरए कायद्याखाली परदेशी देणगी धरली जात नाही. पण ज्याने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं आहे, त्याची देणगी ओसीआय कार्ड असलं तरी परदेशीच धरली जाते, आणि माजी विद्यार्थी संघटनेकडे त्या कायद्याखालची नोंदणी किंवा परवानगी नसेल तर ती घेता येत नाही. पाठवण्याआधी संघटनेच्या खजिनदाराला हे विचारून घ्या, आणि पावती मागा.