‘वारे गेले’ म्हणण्यापूर्वी

‘अंगावरून वारे गेले’ असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. चरकसंहितेत पक्षाघाताची गणना वातविकारांत केली आहे, आणि ‘अर्धांगवायू’ या शब्दातही वायू आहेच. वारे केव्हा, कोणावरून जाईल ते सांगता येत नाही, अशी समजूत या शब्दांमागे दिसते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आधुनिक वैद्यकही याबाबतीत फारसे पुढे गेलेले नव्हते. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या मृत्यूची हकिगत या दृष्टीने पाहण्याजोगी आहे.

१२ एप्रिल १९४५ रोजी जॉर्जिया राज्यातील वॉर्म स्प्रिंग्ज येथे रूझवेल्ट चित्रकर्तीसमोर बसले होते. दुपारी एकच्या सुमारास डोक्याच्या मागील बाजूस असह्य कळ येत असल्याचे त्यांनी सांगितले आणि ते बेशुद्ध झाले. त्याच दुपारी, वयाच्या ६३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. कारण होते मेंदूतील रक्तस्राव. हे सारे अगदी अनपेक्षित होते, असे त्यांचे डॉक्टर रॉस मॅकिन्टायर यांनी सांगितले.

ते खरोखरच अनपेक्षित होते का? मार्च १९४४ पासून रूझवेल्टना तपासणारे हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रून यांनी १९७० साली त्यांच्या आजाराची माहिती प्रसिद्ध केली. त्यातील रक्तदाबाचे काही आकडे (पाऱ्याचे मिलिमीटर) असे :

१९३५ – १३६/७८
१९३७ – १६२/९८
१९४१ – १८८/१०५
मार्च १९४४ – १८६/१०८

अखेरच्या दिवशी वरचा आकडा ३०० च्या पुढे गेला होता.

आकडे होते, पण त्यांचा अर्थ लागलेला नव्हता. वयानुसार रक्तवाहिन्या कडक व अरुंद होतात, तेव्हा रक्त पुढे ढकलण्यासाठी दाब वाढणे आवश्यकच आहे, असे त्या काळी अनेक डॉक्टर मानत. शिवाय दाब कमी करणारी सोयीची औषधेही नव्हती. ब्रून यांनी विश्रांती, कमी मीठ व कमी धूम्रपान असा सल्ला दिला, हृदयासाठी डिजिटॅलिस दिले. त्यापलीकडे त्यांच्या हाती फारसे काही नव्हते.

१९४८ साली मॅसॅच्युसेट्समधील फ्रॅमिंगहॅम या गावी ५,२०९ स्त्री-पुरुषांची दर दोन वर्षांनी तपासणी करण्याचा उपक्रम सुरू झाला. निरोगी दिसणाऱ्यांपैकी पुढे कोणाला आजार होतो, हे वर्षानुवर्षे नोंदले गेले. वाढलेला रक्तदाब हे पक्षाघाताचे एक प्रमुख कारण आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. १९६७ व १९७० मध्ये एडवर्ड फ्राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माजी सैनिकांवरील चाचण्यांतून दाखवून दिले, की औषधांनी दाब उतरवल्यास पक्षाघातही कमी होतात. ‘वाऱ्या’ची चाहूल अशी मोजता येऊ लागली.

ही झाली वर्षानुवर्षे मिळणारी सूचना. दुसरी सूचना ऐनवेळी मिळते. चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एका हातातील किंवा पायातील बळ जाणे, बोलणे अडखळणे, एकाएकी दिसेनासे होणे, तोल जाणे, कधी नव्हे इतकी तीव्र डोकेदुखी, यांपैकी काहीही अचानक झाल्यास रुग्णाला ताबडतोब मोठ्या रुग्णालयात हलवावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. लक्षणे कधी काही मिनिटांत ओसरतात. तरीही थांबू नये, कारण मोठा झटका मागाहून येऊ शकतो. बहुतेक पक्षाघात रक्ताची गुठळी अडकल्याने होतात. ती विरघळवणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि तेही स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर. म्हणून लक्षणे सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवावी. घरच्या घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नये. गिळताना ठसका लागण्याची भीती असल्याने पाणीही पाजू नये.

वर्गात एक उपक्रम करता येईल. वरील आकड्यांचा आलेख विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावा आणि १४०/९० ला आडव्या रेषा मारायला सांगाव्यात. रूझवेल्टनी त्या रेषा केव्हा ओलांडल्या आणि मृत्यू त्यानंतर किती वर्षांनी आला, हे मुलांनीच मोजावे. मग घरातील मोठ्या माणसांचा रक्तदाब शेवटचा केव्हा मोजला होता, हे त्यांना विचारून यायला सांगावे.