ड्युअल बूट

ड्युअल बूट : एकाच संगणकावर दोन कार्यप्रणाली वेगवेगळ्या जागी बसवून, संगणक सुरू करताना त्यांतली हवी ती निवडण्याची व्यवस्था. लॅपटॉपवर ही जोडी बहुधा विंडोज आणि लिनक्स यांची असते. एका वेळी एकच प्रणाली चालते. दुसरीकडे जायचे तर रीस्टार्ट करावे लागते. व्हर्च्युअल मशीनमध्ये एक प्रणाली दुसरीच्या पोटात चालते आणि दोघींना मेमरी वाटून घ्यावी लागते. ड्युअल बूटमध्ये चालू प्रणालीला प्रोसेसर आणि मेमरी पूर्ण मिळते, म्हणून ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपलाही ती झेपते.

बीदर जिल्ह्यातील औराद तालुक्यातले संतपूर, तसेच भालकी, बसवकल्याण या पट्ट्यात या व्यवस्थेला हौसेपलीकडचे कारण आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. कारभार कन्नडमध्ये आणि अनेक घरांतले बोलणे-लिहिणे मराठीत, त्यामुळे एकाच संगणकावर दोन्ही लिप्या लागतात. कन्नडसाठी कर्नाटक सरकारच्या पाठबळाने कन्नड गणक परिषदेने केलेले ‘नुडी’ आणि मराठी छपाईसाठी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्रीलिपी’ ही दोन्ही विंडोजवरची सॉफ्टवेअर. त्यांच्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेली लग्नपत्रिका किंवा अर्ज तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला, तर निव्वळ निरर्थक चिन्हे दिसतात. वर्षानुवर्षांच्या अशा फाइली ज्याच्याकडे आहेत त्याने विंडोज एका झटक्यात पुसून टाकणे शहाणपणाचे नाही.

लिनक्सची बाजूही भाषेच्या दृष्टीने रिकामी नाही. रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली दिलेले ‘लोहित’ फॉन्ट मुळात मॉड्युलर इन्फोटेकचेच. त्यांत देवनागरीबरोबर कन्नडही आहे. इनस्क्रिप्ट कळफलक तर सीमाभागासाठीच योजल्यासारखा वाटतो. देवनागरी ‘क’ ज्या कळीवर, त्याच कळीवर कन्नड ‘क’. मराठी टायपिंगची बोटे बसलेल्या माणसाला कन्नडसाठी नवा कळफलक पाठ करावा लागत नाही. विंडोजमध्येही इनस्क्रिप्ट आहेच, त्यामुळे दोन्ही प्रणालींत हात तोच राहतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्स आणि इतर मुक्त सॉफ्टवेअरचे पाठ मराठी-कन्नडसह अनेक भारतीय भाषांतून मोफत दिले आहेत. सीडॅकची ‘बॉस’ ही लिनक्स प्रणालीही भारतीय भाषा डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते. त्या अटीत न बसणाऱ्या लॅपटॉपवर इंटरनेट, बँक आणि ऑनलाइन अर्जांची कामे अद्ययावत लिनक्समध्ये करावीत आणि जुने डीटीपी तेवढे इंटरनेट बंद ठेवून विंडोजमध्ये करावे, ही विभागणी सर्वांत सुरक्षित.

रचना : जुन्या बायॉस पद्धतीत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत बूटचा आरंभ आणि पार्टिशनांची यादी असे; प्राथमिक पार्टिशन चारच करता येत. आजच्या यूईएफआय संगणकांत जीपीटी ही यादी असते आणि एका छोट्या फॅट३२ पार्टिशनमध्ये प्रत्येक प्रणालीची बूट-फाइल स्वतंत्र फोल्डरमध्ये राहते. निवडीची यादी दाखवण्याचे काम बहुतेक लिनक्समध्ये ‘ग्रब’ हे बूट-सॉफ्टवेअर करते. त्याचा आरंभ १९९५ चा.

बसवणे : आधी विंडोज, मग लिनक्स, हा क्रम पाळावा. विंडोज नंतर बसवले तर ते स्वतःची बूट-नोंद पुढे करते आणि लिनक्सला यादीत घेत नाही. सुरुवात बॅकअपने, तोही दुसऱ्या डिस्कवर. त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवरची प्रत बॅकअप नव्हे. विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी, कारण बूटमध्ये बदल झाला की विंडोज ती मागू शकते आणि ती नसेल तर फाइली कायमच्या कुलूपबंद राहतात. मग विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच पार्टिशन लहान करून जागा मोकळी करावी. उबुंटू या लिनक्सला किमान २५ जीबी लागतात. रोजच्या वापरासाठी ५० जीबी बरे. लॅपटॉप चार्जरला लावलेला असावाच, शिवाय बॅटरीही भरलेली असावी. पार्टिशन हलत असताना वीज तुटणे हा या कामातला सर्वांत मोठा धोका आहे. लिनक्स उतरवलेल्या पेन ड्राइव्हवरून बूट केल्यावर आधी ते न बसवता चालवून वाय-फाय, आवाज आणि टचपॅड तपासावे. डिस्क दिसतच नसेल तर अनेकदा स्टोरेज कंट्रोलर एएचसीआयऐवजी आरएआयडी किंवा आरएसटीवर असतो. बसवताना ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय टाळावा.

नंतरच्या अडचणी : विंडोजचे फास्ट स्टार्टअप बंद करावे. ते चालू असताना ‘शट डाउन’ केलेला संगणक पुरता बंद होत नाही आणि विंडोजचे पार्टिशन लिनक्समध्ये फक्त वाचता येते. घड्याळाची गफलत भारतात हमखास दिसते. संगणकाच्या आतले घड्याळ विंडोज स्थानिक वेळेचे मानते, लिनक्स जागतिक वेळेचे. म्हणून लिनक्समधून परतल्यावर विंडोज साडेपाच तास मागे जाते. लिनक्सला ते घड्याळ स्थानिक वेळेवर वापरायला सांगितले की प्रश्न मिटतो. विंडोजच्या अद्ययावतीकरणाने बूटचा क्रम बदलणेही घडते. ऑगस्ट २०२४ मधील एका सुरक्षा-अद्ययावतीकरणानंतर अनेकांच्या संगणकांवर लिनक्स सुरू होईना. अशा वेळी दुरुस्तीसाठी लिनक्सचा पेन ड्राइव्ह पुसून न टाकता जपून ठेवावा.

दोन्हींकडून लागणाऱ्या फाइलींसाठी एनटीएफएसचे तिसरे पार्टिशन सोयीचे. तिथे नवे लेखन युनिकोडमध्येच ठेवावे; तीच फाइल दोन्ही प्रणालींत आणि दुसऱ्याच्या मोबाइलवरही वाचता येते.

लिनक्स पुढे काढायचे झाल्यास आधी यूईएफआयच्या सेटिंगमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिल्या क्रमांकावर आणावा आणि मगच लिनक्सचे पार्टिशन पुसावे. उलट केल्यास ग्रबला स्वतःच्या फाइली सापडत नाहीत आणि विंडोज शाबूत असूनही पडद्यावर फक्त ग्रबची आज्ञा-ओळ उरते.